डेस्कटॉपचा प्रोसेसर निवडताना: कामगिरी आणि किमतीचा हिशेब कसा मांडावा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही दुकानात डेस्कटॉपचे कोटेशन मागितले, की बहुधा दोन कागद हातात पडतात, एक इंटेलचा आणि एक एएमडीचा. दोन्हींच्या बेरजेत हजार-दोन हजारांचा फरक असतो आणि काउंटरवरचा माणूस "दोन्ही चांगलेच आहेत, साहेब" असे सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, पण त्यावरून आपला निर्णयही होत नाही. कारण कोणता प्रोसेसर चांगला, या प्रश्नाला उत्तरच नसते. आपल्या कामात आपला किती वेळ वाचेल आणि त्यासाठी पूर्ण यंत्रावर किती पैसे जास्त लागतील, या प्रश्नाला मात्र उत्तर असते आणि ते कागद-पेन्सिल घेऊन काढता येते.

पद्धत समजावण्यासाठी मी एक खरीखुरी जोडी घेतो: इंटेलचा कोअर आय५-१३४०० आणि एएमडीचा रायझन ५ ७६००. दोन्ही जानेवारी २०२३ मध्ये आले आणि त्यांच्या जाहीर किमती अनुक्रमे २२१ आणि २२९ डॉलर होत्या, म्हणजे दोन्ही कंपन्यांनी एकाच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून ते काढले होते. पुढच्या पिढ्यांची नावे बदलली तरी हिशेबाची रीत तीच राहते.

आधी आपले काम मोजावे

आठवडाभर एका वहीत एवढेच लिहावे, की संगणकासमोर आपण कुठे आणि किती मिनिटे ताटकळलो. फाइल उघडताना, एक्सेलचे मॅक्रो चालताना, व्हिडिओ एक्सपोर्ट होताना, खेळ अडखळताना. त्या क्षणी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी कोण पूर्ण भरलेले आहे, ते पाहावे. डिस्क १०० टक्क्यांवर असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर हा लेख इथेच मिटून एसएसडी आणावी. रॅम काठोकाठ भरली असेल तर रॅम वाढवावी. दोन्ही उपाय नव्या प्रोसेसरपेक्षा कमी खटाटोपाचे आहेत.

इथे एक फसगत नेहमी होते. एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच सलग ओळीत), चालणारे काम प्रोसेसरला पुरते जखडून टाकत असले, तरी टास्क मॅनेजरचा एकूण आकडा लहानच दिसतो. चार थ्रेडच्या जुन्या प्रोसेसरवर तो सुमारे २५ टक्के दिसेल, बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर ८ टक्क्यांच्या आसपास आणि सोळा थ्रेडवर ६ टक्क्यांच्या आसपास. शिवाय विंडोज ते काम एका कोरवरून (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र गणन-भागावरून) दुसऱ्या कोरवर हलवत राहते, त्यामुळे कोरनिहाय आलेखातही एकच रकाना भरलेला दिसेलच असे नाही. "प्रोसेसर तर दहा टक्केसुद्धा वापरला जात नाही, मग मॅक्रोला तीन मिनिटे का लागतात?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. अशा कामाला जास्त कोरांचा नव्हे, तर एकेक कोर वेगवान असलेल्या प्रोसेसरचा उपयोग होतो. याउलट एक्सपोर्ट किंवा रेंडर (दृश्याचे अंतिम चित्र तयार करणे) चालू असताना आकडा ९५ ते १०० वर चिकटून राहिला, तर ते काम सगळ्या कोरांवर पसरते आणि तिथे कोरांची संख्या कामाला येते.

खेळांसाठी याहून सोपी परीक्षा आहे. खेळाचे रेझोल्यूशन एका पायरीने खाली आणावे आणि दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या पाहावी. फ्रेम वाढल्या तर आतापर्यंत ग्राफिक्स कार्ड अडवत होते आणि नवा प्रोसेसर घेऊन फारसे हाती लागणार नाही. जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर अडवतो आहे. नुसत्या सरासरीवर थांबू नये, कारण ऐन गर्दीच्या प्रसंगी बसणारे झटके सरासरीत लपून जातात. ते पाहायचे तर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा आकडा बघावा.

खोक्यावरचे आकडे

आय५-१३४०० च्या खोक्यावर दहा कोर लिहिलेले असतात आणि रायझन ७६०० च्या खोक्यावर सहा. पहिल्यातले सहा कोर पूर्ण ताकदीचे आहेत आणि चार लहान, वीज वाचवणारे. मोठ्या कोरांना प्रत्येकी दोन थ्रेड आणि लहानांना एकेक, म्हणून एकूण थ्रेड सोळा. रायझनचे सहाही कोर एकाच जातीचे आणि थ्रेड बारा. त्यामुळे दहा भागिले सहा असा भागाकार करून निष्कर्ष काढणे चूक ठरते.

गिगाहर्ट्झचेही, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांच्या वेगाचेही, तसेच. रायझन ७६०० जास्तीत जास्त ५.१ पर्यंत जातो आणि १३४०० हा ४.६ पर्यंत, पण दोन वेगळ्या रचनांच्या प्रोसेसरांची तुलना या आकड्यावर करता येत नाही, कारण एका ठोक्यात किती काम उरकते हे रचनेवर अवलंबून असते. इंटेलच्या पेंटियम ४ चे घड्याळ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचले होते, त्याच काळात एएमडी आपल्या २.४ गिगाहर्ट्झच्या अॅथलॉन ६४ ला ३८००+ असे नाव देऊन विकत होती आणि ते नाव हास्यास्पद वाटत नव्हते. गिगाहर्ट्झ उपयोगी पडतो तो एकाच पिढीतल्या भावंडांमध्ये डावे-उजवे ठरवताना.

कॅशकडे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीकडे, मात्र लक्ष द्यावे, विशेषतः खेळांसाठी. ७६०० मध्ये तिसऱ्या स्तराची कॅश ३२ एमबी आहे आणि १३४०० मध्ये २० एमबी. कॅशने काय होते याचा धडा एएमडीच्या एक्स३डी मालिकेने दिला. एप्रिल २०२३ मध्ये आलेला आठ कोरांचा ७८००एक्स३डी ९६ एमबी कॅशच्या जोरावर खेळांमध्ये २४ कोरांच्या आय९-१४९००के ला बरोबरीची टक्कर देतो, अनेक खेळांत मागे टाकतो आणि तेही बऱ्याच कमी विजेवर. तेच दोघे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करायला बसवले, तर आय९ पार पुढे निघून जातो. एकाच जोडीचे हे दोन निकाल ज्याला एकदा समजले, तो "भारी कोण" असे पुन्हा विचारत नाही.

नावाच्या शेवटच्या अक्षराने भलेभले फसतात. रायझन ७ ५७०० आणि रायझन ७ ५७००एक्स यांत एका एक्सचा फरक दिसतो, पण पहिल्यात कॅश १६ एमबी आणि पीसीआय एक्सप्रेसची (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाची) तिसरी पिढी आहे, तर दुसऱ्यात ३२ एमबी आणि चौथी पिढी; म्हणजे आतली चिपच निराळी. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. अशा प्रोसेसरवर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले, तर मॉनिटर काळाच राहतो आणि आपण केबल बदलत बसतो.

चाचण्यांचे निकाल कसे वाचावेत

सिनेबेंच आणि ब्लेंडर (रेंडर), सेव्हन-झिप (फाइल दाबून लहान करणे), हँडब्रेक (व्हिडिओचे रूपांतर) ही नावे सगळीकडे दिसतील. यांतले प्रत्येक एका प्रकारच्या कामाचे प्रतिनिधित्व करते आणि आपल्या वहीतल्या कामाला जे सर्वांत जवळचे असेल, तेवढेच वाचावे. सिनेबेंचच्या बहुकोरी गुणांवरून टॅलीचा वेग ठरवणे म्हणजे ट्रकची भारक्षमता पाहून तो गल्लीत किती चपळ वळेल याचा अंदाज बांधणे होय. आपल्या जोडीबाबत चाचण्यांचा एकूण कल असा आहे, की सगळे कोर जुंपणाऱ्या रेंडरसारख्या कामात १३४०० थोडा पुढे किंवा बरोबरीला असतो, आणि एका कोरावरच्या कामात तसेच खेळांमध्ये ७६०० पुढे असतो.

खेळांच्या चाचण्या बहुधा सर्वांत महागड्या ग्राफिक्स कार्डावर आणि १०८० पिक्सेलवर केलेल्या असतात. यावर लोक हरकत घेतात, की असे कार्ड घेऊन १०८० वर कोण खेळतो? पण परीक्षकाचा हेतू कार्डाची अडचण बाजूला सारून प्रोसेसर उघडा पाडण्याचा असतो आणि त्या दृष्टीने ती रीत योग्यच आहे. आपण फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की तिथे दिसलेला २० टक्क्यांचा फरक मध्यम कार्डावर १४४० पिक्सेलला दोन-तीन टक्क्यांवर येऊ शकतो किंवा पुसलाही जाऊ शकतो.

कोणताही निकाल स्वीकारण्यापूर्वी चाचणी कोणत्या रॅमवर आणि कोणत्या मदरबोर्डवर झाली, हे तपासावे. १३४०० हा डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांवर चालतो. परीक्षकाने डीडीआर५ वापरली असेल आणि आपल्या कोटेशनमध्ये डीडीआर४ असेल, तर तो निकाल आपला नव्हे. कंपन्यांच्या स्वतःच्या सादरीकरणातले आलेख मी केवळ कुतूहल म्हणून पाहतो. त्यांत बहुधा खोटे काही नसते, पण कोणते खेळ निवडायचे हे त्यांच्या हातात असते.

वॅटचा घोळ

दोन्ही खोक्यांवर ६५ वॅट लिहिलेले आहे आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) ६५ वॅटच्या प्रोसेसरला प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढण्याची मुभा असते. इंटेलच्या १३४०० ची मूळ मर्यादा ६५ असली, तरी टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून चालताना, तो १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. मात्र ही मुभा थोड्या वेळापुरती ठेवायची की कायमची, हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो. त्यामुळे महागड्या बोर्डावर घेतलेले गुण स्वस्त एच६१० बोर्डावर मिळतीलच असे नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापे दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून त्यातली पॅकेज पॉवरची ओळ समोर ठेवावी आणि सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची फेरी सुरू करावी. मर्यादा पाळणाऱ्या बोर्डावर सुरुवातीला वॅट वर चढलेले दिसतात, अर्ध्या-एक मिनिटात ते ६५ वर येऊन बसतात आणि त्यासोबत घड्याळही खाली येते. पहिल्या फेरीचे गुण पाहून खूश होणाऱ्याने दहाव्या मिनिटाचे गुण पाहावेत. लांबलचक रेंडर करणाऱ्यासाठी तेच खरे.

हवामानाचाही विचार करावा. परीक्षकांच्या खोल्या थंड असतात. अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्याच्या दुपारी खोलीतच ३८-४० अंश असतात आणि खोलीचे तापमान जितके चढते, साधारण तितकेच प्रोसेसरचेही चढते. रायझन ७६०० ची कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे. तिथे पोहोचल्यावर तो स्वतःहून वेग कमी करतो. खोक्यात मिळणारा कुलर खेळांपुरता आणि ऑफिसच्या कामापुरता चालतो, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात तासन्‌तास रेंडर करायचे असेल, तर वेगळ्या कुलरचे पैसे पहिल्याच कोटेशनमध्ये धरावेत.

विजेच्या बिलाचे गणित लोक एक तर विसरतात किंवा त्याचा बाऊ करतात. एक प्रोसेसर दुसऱ्यापेक्षा ६० वॅट जास्त ओढत असेल आणि रोज सहा तास, वर्षात ३०० दिवस पूर्ण भारावर चालत असेल, तर वर्षाला १०८ युनिटांचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले तर १,०८० रुपये, पाच वर्षांत ५,४०० रुपये. पूर्ण भार दिवसातून तासभरच असेल, तर हीच रक्कम वर्षाला १८० रुपयांवर येते आणि विसरून जाण्यासारखी ठरते. यूपीएसची गोष्ट मात्र विसरू नये. घरोघरी असलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅटच असते. २५३ वॅटपर्यंत जाणारा १४९००के आणि त्याच्या जोडीला मोठे ग्राफिक्स कार्ड लावले, तर वीज गेल्याबरोबर यूपीएस शिट्टी मारून संगणकासकट बसतो.

पैशाचा हिशेब

आता मुख्य गणित. समजा, "अ" प्रोसेसर १५,००० रुपयांचा आहे आणि आपल्या कामाच्या चाचणीत त्याला १०० गुण आहेत. "ब" २०,००० रुपयांचा असून त्याला ११५ गुण आहेत. दर हजार रुपयांमागे "अ" ६.६७ गुण देतो आणि "ब" ५.७५. "अ" सरस ठरला.

पण प्रोसेसर हवेत चालत नाही. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड मिळून आणखी ६०,००० रुपये धरू. आता "अ" चे यंत्र ७५,००० चे आणि "ब" चे ८०,००० चे. हजारामागे "अ" १.३३ आणि "ब" १.४४. बाजी उलटली. दोन्ही हिशेब अंकगणिताच्या दृष्टीने बिनचूक आहेत आणि ज्याला जो प्रोसेसर खपवायचा असतो, तो त्यातला सोयीचा हिशेब पुढे करतो.

गुंता इथे संपत नाही. ११५ गुण फक्त त्याच वेळेला लागू आहेत, जेव्हा आपण प्रोसेसरसाठी थांबलेलो असतो. वहीतल्या नोंदींनुसार एकूण १०० मिनिटांच्या ताटकळण्यापैकी ४० मिनिटेच प्रोसेसरमुळे जात असतील आणि उरलेली डिस्क, कार्ड किंवा इंटरनेटमुळे, तर "ब" त्या ४० ची ३४.८ मिनिटे करील. एकूण १०० ची ९४.८ होतील, म्हणजे सगळे यंत्र सुमारे साडेपाच टक्क्यांनीच वेगवान ठरेल. त्या १०५.५ गुणांना ८० ने भागले, की १.३२ येतात, "अ" पुन्हा केसभर पुढे. हाच हिशेब वेगवेगळ्या मिनिटांसाठी करून पाहिला, तर १०० पैकी ४८ मिनिटांच्या आसपास काटा फिरतो: त्याहून जास्त वेळ प्रोसेसरमुळे जात असेल तर "ब" घ्यावा, कमी जात असेल तर "अ" घेऊन पाच हजार रुपये दुसरीकडे लावावेत. आठवडाभर वही लिहायला सांगितले ते या एका आकड्यासाठी.

खऱ्या जोडीत बाकीचा खर्चही सारखा राहत नाही. ७६०० ला एएम५ सॉकेट आणि डीडीआर५ रॅम यांशिवाय पर्याय नाही. १३४०० ला डीडीआर४ चा बोर्ड चालतो आणि घरात जुनी १६ जीबी डीडीआर४ पडून असेल, तर ती सरळ बसते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता हा एकच मुद्दा कधीकधी प्रोसेसरांमधल्या फरकापेक्षा मोठा ठरतो. म्हणून प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची मिळून एकच किंमत धरावी आणि ती कोटेशन घेण्याच्या दिवशीची असावी.

चाचण्यांच्या आलेखांत न दिसणारी आणखी एक बाब लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी जाणून घ्यावी. आजचे अनेक कॅमेरे दहा बिटांचे ४:२:२ एच.२६५ चित्रण (रंगांचा जास्त तपशील राखणारा व्हिडिओचा प्रकार) करतात. १३४०० च्या आतले ग्राफिक्स हे चित्रण थेट उलगडू शकते, ७६०० च्या आतले ग्राफिक्स ते करू शकत नाही. एडिटिंगचे सॉफ्टवेअर ही सोय वापरत असेल, तर टाइमलाइन सरकवताना जो अडखळणारा अनुभव येतो, तो इथे नाहीसा होतो आणि सिनेबेंचच्या कोणत्याही आकड्यात तो फरक दिसत नाही. अर्थात त्यासाठी एफ नसलेलाच प्रोसेसर घ्यावा लागतो. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांनाही ही क्षमता मिळाली आहे, त्यामुळे तसे कार्ड घेणार असल्यास हा मुद्दा गळून पडतो.

उद्याचा विचार किती करावा

सॉकेटच्या बाबतीत दोन्ही कंपन्यांचा इतिहास वेगळा आहे. २०१७ मध्ये पहिला रायझन ज्या एएम४ सॉकेटवर बसला, त्यावर बायोस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी बसवता आला. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट २०२१ च्या अखेरीस आला, त्याने बारावी ते चौदावी पिढी सांभाळली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची जागा एलजीए १८५१ ने घेतली. म्हणजे १३४०० च्या बोर्डावर पुढे फार तर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसेल. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. हे खरे असले, तरी तीन-चार वर्षांनी आपण खरोखर फक्त प्रोसेसर बदलणार आहोत का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. बहुतेक घरांत संगणक सात-आठ वर्षे वापरून सगळाच बदलला जातो आणि तिथे या सोयीचे मोल शून्य आहे.

आमच्या घरी मी आजच्या घडीला खेळ आणि कोडिंगसाठी ७६०० च निवडीन. शेजारच्या फोटो स्टुडिओला मात्र १३४०० सुचवीन, कारण त्यांच्याकडे डीडीआर४ पडून आहे आणि रोजचे काम ४:२:२ चे आहे.

बिल करताना आणि घरी आणल्यावर

कोटेशन हातात आले, की "बॉक्स पीस की ट्रे?" हे विचारावे. ट्रेमधला, म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकला जाणारा, प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची तीन वर्षांची थेट वॉरंटी नसते. जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तीही त्याने लिहून दिली तरच. मी एकदा हे न विचारता घेतले होते आणि सात महिन्यांनी त्या दुकानदाराने "आमच्याकडे महिनाभराचीच रिप्लेसमेंट" असे ऐकवून हात वर केले. आता मी खोक्यावरचा अनुक्रमांक जीएसटीच्या बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

वापरलेला प्रोसेसर घेणाऱ्याने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या इंटेलबद्दल सावध असावे. त्यांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या वाढीव यादीत आय५ पैकी १३६००के आणि १४६००के च्या वर्गातलेच आहेत, १३४०० नाही. एएमडीलाही २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएम५ बोर्डांच्या बायोसमध्ये व्होल्टेजवर मर्यादा घालावी लागली. म्हणून प्रोसेसर कोणताही असो, पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत करून घ्यावा.

एएम५ चे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना रॅमची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. घाबरून बटण बंद करू नये. विंडोज चढल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडून वेग वाचावा. ६००० ची रॅम घेतलेली असताना तिथे ४८०० दिसत असेल, तर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय) चालू करावे. दोन रॅम दोन वेगळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच बसवल्या आहेत का, हेही कॅबिनेट उघडून पाहावे, आणि मग ती दहा मिनिटांची सिनेबेंचची फेरी लावून शेवटचे गुण बिलाच्याच मागे तारखेसह लिहून ठेवावेत.